नकाशात नसलेला ठिपका

रविवार, १८ नोव्हेंबर १९३४

मानसिंग मास्तरांनी आज एक कोरी वही दिली आणि म्हणाले, "सिद्धनाथ, आकाशाचे वेध हिच्यात रोजच्या रोज लिही. वेधशाळेला दाखवावी लागेल." ती कपाटात ठेवली. ही दुसरी, माझी. ही कुणाला दाखवायची नाही, तेव्हा हिच्यात खरं लिहायला हरकत नसावी.

खऱ्याची मला सवय नाही. आप्पांच्या फोटो स्टुडिओत नऊ वर्षं मी रिटचिंग करतो. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, आप्पा फोटो काढतात आणि निगेटिव्हची काच धुऊन माझ्याकडं येते. मग मी बारीक पेन्सिल आणि चाकू घेऊन देवीचे वण बुजवायचे, बसलेली गालफडं भरायची, नवरीचा रंग उजळायचा. लोक फोटो घरी नेऊन सांगतात, अगदी हुबेहूब आलाय. पहिल्यांदा हसू यायचं, आता तेही येत नाही.

खोली जिन्याखालची. खिडकीला तपकिरी कागद चिकटवलाय, त्याला तळहाताएवढं भोक, त्या उजेडात काच धरायची. मागं एक गिऱ्हाईक आत घुसून सासूची अर्धी झालेली काच घेऊन पळालं, तेव्हापासून आप्पा दाराला बाहेरून कडी लावतात. काही लागलं तर भिंत ठोकायची. आप्पा माणूस वाईट नाही. मेंढरांमागून उचलून मला त्यांनीच इथं आणलं, हातात चाकू दिला, वर झोपायला जागा दिली. पण संध्याकाळी कडी निघते तेव्हा मला रोज वाटतं की उद्या ही परत लागणार.

त्यातून सुटायची एकच वाट दिसते आहे. दक्षिणेकडच्या एका वेधशाळेत ताऱ्यांच्या काचा मोजायला माणूस हवाय. मास्तर हायस्कुलात सायन्स शिकवायचे, आता पेन्शनीत आहेत. त्यांच्या गच्चीवर तीन इंची दुर्बीण आहे. तिच्या पाठीवर कॅमेरा बांधून मी दोन वर्षं ताऱ्यांचे फोटो काढतोय. मी काढलेला मृगाचा फोटो त्यांनी वेधशाळेला पाठवला.

त्या फोटोबद्दल इथं लिहून टाकतो. मृगातला एक तारा काचेवर आलाच नव्हता, नेमकं तिथंच काचेचं औषध निघालं होतं. मी नकाशा बघून पेन्सिलीनं बरोबर त्या जागी बसवला. तारा आकाशात आहेच की. मी नवा थोडाच आणला?

सोमवार, २६ नोव्हेंबर

वेधशाळेचं पत्र आलं. मास्तरांनी मराठीत करून सांगितलं. फोटो सुंदर आहे, पण आम्हाला सुंदर नको. मूळ काच पाठवा. निदान वीस मिनिटं तारा धरून काढलेली, आणि काढल्यावर तिला कसलाही हात लागलेला नसावा. सोबत वेधांची वही पाठवा.

"मी त्यांना कळवलंय," मास्तर म्हणाले, "की या मुलाला खोटं करता येतच नाही. दिवसभर पोटासाठी ते करावं लागतं म्हणून आकाशाच्या बाबतीत तो फार सोवळा आहे."

मास्तरांच्या घरी भाकरी खात होतो. मान खाली घालून उरलेली संपवली.

गुरुवार, २९ नोव्हेंबर

आप्पांच्या कानावर गेलं. रागावले नाहीत, हसले. "जा की. मी काय बांधून ठेवलंय तुला? पण गड्ड्याचं काय करायचं ते सांग."

गड्डा म्हणजे सोलापूरची, संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा. अक्कलकोटापासून माळशिरसापर्यंतची माणसं येतात आणि रंगवलेल्या राजवाड्याच्या पडद्यासमोर कुटुंबंच्या कुटुंबं उभी राहतात. ते सगळे चेहरे माझ्या टेबलावर येतात. म्हटलं, गड्डा करून जाईन. आप्पा म्हणाले, "बघ, म्हणजे जायचं नक्की हाय तुझं," आणि कडी लावून गेले.

बुधवार, ५ डिसेंबर

गच्चीवरून तीन काचा काढल्या, तिन्ही वाया. गिरण्यांच्या दिव्यांनी आणि धुरानं आकाश राखाडी होतं. शहराबाहेर जायला हवं. माझ्या वडिलांचा, आबांचा वाडा सध्या बाळे गावाला आहे. वाडा म्हणजे आमच्यात मेंढरांचा तळ. पाटलाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली आहेत. पुढच्या आठवड्यात चंपाषष्ठी, बाळ्याच्या खंडोबाला जायचंच आहे. दुर्बीण बरोबर नेईन. मास्तरांच्या गुडघ्यानं त्यांना यायला जमणार नाही.

बुधवार, १२ डिसेंबर, चंपाषष्ठी

टांग्यात दुर्बीण मांडीवर घेऊन बाळ्याला गेलो. टांगेवाला विचारत होता, तोफ आहे का. देवळाकडं भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं, पाय ठेवायला जागा नाही. दर्शन घेऊन वाड्यावर आलो. आईनं रोडगे आणि वांग्याचं भरीत केलं होतं. जेवण होईस्तोवर दिवस बुडाला.

गिरण्यांचे दिवे पाठीमागं, चंद्रही पाठीमागं, आणि समोर वायव्येला मोकळं काळं आकाश. अभिजित मावळतीकडं झुकला होता. त्याच्यावर दुर्बीण लावली, पाठीवर कॅमेरा बांधला आणि पंचवीस मिनिटं अभिजित भिंगातल्या बारीक तारांच्या फुलीवर धरून हातानं चाक फिरवत बसलो. या कामात खोकलासुद्धा चालत नाही.

आबा शेजारी घोंगडं पांघरून उकिडवे बसले होते. त्यांना गप्प राहवत नाही. मेंढरू आजारी आहे, पाटील चांगला आहे, गुंड्याचं लग्न बघायला हवं, असं सगळं झालं. मग म्हणाले, "त्या थोरल्या चांदणीच्या खाली, उजव्या अंगाला, एक बारकी चांदणी आलीया बघ. काल न्हवती."

"हूं," म्हटलं.

"न्हवती काल. हितं रोज बसतोय मी. बघ तरी."

"आबा, मला हलता येत नाही. गप बसा जरा."

गप बसले बिचारे. साठी उलटली, आता त्यांना कुठंही चांदण्या दिसायच्या. गुंडा, माझा धाकटा भाऊ, मागून हसत होता. काच मात्र चांगली यायला हवी.

गुरुवार, १३ डिसेंबर

आली! इतकी स्वच्छ काच माझ्या हातून कधी निघाली नव्हती. मूळ काचेवर तारा काळा उमटतो. अभिजित मधोमध टपोरा काळा आणि भोवती मोहरी सांडल्यासारखे बाकीचे, एकही ओढला गेलेला नाही. नकाशा शेजारी ठेवून एकेक तारा ताडून बघितला. सगळे जागच्या जागी.

फक्त एक डाग होता. अभिजितच्या खाली उजवीकडं एक काळा ठिपका, नकाशात तिथं काहीच नाही. धुताना औषधाचा कण विरघळायचा राहिला की असा डाग पडतो, आम्हाला रोजचं आहे. चाकू हातात कधी आला ते कळलं नाही. दोन हलके हात, आणि गेला. चेहऱ्यावरचं असतं तर आप्पांनीसुद्धा ओळखलं नसतं. काच आता नकाशाबरहुकूम आहे.

याला काही हात लावणं म्हणायचं नाही. तारा बसवला असता तर गोष्ट वेगळी. डाग काढणं म्हणजे काच पुसण्यासारखंच. मास्तरांच्या वहीत लिहिलं: "पंचवीस मिनिटे. हवा निरभ्र. काचेस हात लावलेला नाही." हे वाक्य लिहिताना पहिल्यांदाच मन शांत होतं.

मंगळवार, १८ डिसेंबर

दुपारी भिंतीपलीकडं मास्तरांचा आवाज. आप्पांनी कडी काढली. मास्तर गुडघ्याचं दुखणं विसरून जिन्यापर्यंत धावत आले होते, हातात इंग्रजी पेपर. इंग्लंडात एका हौशी माणसानं तेरा तारखेला पहाटे शौरी तारकासमूहात नवा तारा पाहिला. आधी तिथं काही दिसत नव्हतं, आता रोज वाढतोय.

"कुठं?" मी विचारलं.

"अभिजितच्या जवळच. आपल्याकडून संध्याकाळी बघितलं तर खाली उजवीकडे. सिद्धनाथ, तुझी काच बारा तारखेची आहे. त्याच्या काही तास आधीची!"

मी चळतीतून काच काढून दिली. मास्तरांनी काच खिडकीच्या भोकापाशी नेली, भिंग लावलं. काच सरळ धरली, तिरकी धरली, पुन्हा सरळ केली. भिंग सदऱ्याला पुसून परत बघितलं.  उजेडानं डोळ्यांना त्रास झाला असावा, पाणी आलं होतं.

"कोरी आहे जागा," शेवटी म्हणाले. "म्हणजे बारा तारखेच्या संध्याकाळी तारा उजळलेला नव्हता. हेही फार मोलाचं आहे. असा पुरावा कुणाकडेच नसेल."

काच ते बरोबर घेऊन गेले. कलकत्त्याच्या खगोलमंडळाला आजच लिहितो म्हणाले, आणि वेधशाळेलाही.

बुधवार, १९ डिसेंबर

झोप नाही. डोकं शांत ठेवून विचार केला तर गोष्ट सरळ आहे. तारा काचेवर आला होता. मी तो खरवडला, नकाशात नाही म्हणून. काच आता माझ्याकडं असती तर मी पेन्सिलीनं ठिपका परत दिला असता काय? दिला असता. अर्ध्या मिनिटाचं काम. खरा तारा खोटा म्हणून काढला, आणि आता खोटा बसवला की तो खरा ठरला असता. पण खरवडलेल्या जागी पेन्सिल धरत नाही, आधी वार्निशचा हात द्यावा लागतो, आणि तो वेधशाळेत दिसेल. बरं झालं काच इथं नाही ते.

सांगितलं तर? हात लावलेला नाही असं माझ्याच अक्षरात लिहिलंय. सांगितलं की ती नोकरी गेली आणि जन्मभर हे भोक आणि ही कडी. नाही सांगितलं तर आकाशात घडलेली गोष्ट घडली नाही असं छापून येणार. दोन्हीकडून दार बंदच आहे.

शनिवार, २२ डिसेंबर

नवा तारा आता कुणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मास्तरांच्या गच्चीवर संध्याकाळी पेठेतली माणसं जमली होती. आबा आणि गुंडाही आले, बाळ्याची दोनतीन मंडळी घेऊन.

आबांनी दुर्बिणीकडं बघितलंसुद्धा नाही. गच्चीच्या कठड्याला टेकले आणि म्हणाले, "ही तीच की. चंपाषष्ठीला बघितली मी. ह्येला सांगितलं बी हुतं."

बरोबरचे हसले. मास्तर हसले नाहीत, पण शिकवायची सवय जाते कुठं. त्यांनी आतून काच आणून कंदिलापुढं धरली. "बाबा, ही त्याच संध्याकाळची. ही मोठी चांदणी. आणि ही तिच्याखालची जागा. आहे काही? तुम्ही दुसरी एखादी बघितली असेल. काच खोटं बोलत नाही."

आबांनी काचेत काय बघायचं? ते माझ्याकडं बघत होते. "तू सांग की. हितं न्हवती व्हय?"

सगळे माझ्याकडं वळले. मी म्हणालो, "काचेवर नाही, आबा."

"मग न्हवतीच म्हणायची," आबा म्हणाले, आणि घोंगडं सारखं करून जिना उतरले. उतरताना भिंतीला हात लावत गेले. आधी कधी लावत नसत.

रविवार, ३० डिसेंबर

बाळ्याला गेलो. मेंढरं आत घ्यायची वेळ होती. आबा नुसतं बघून सांगायचे, कळपात किती आणि कोण मागं राहिलं. आज वाघरीच्या, जाळीच्या कुंपणाच्या, तोंडाशी बसून प्रत्येक मेंढराच्या पाठीवर हात ठेवून मोजत होते. चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजली.

रात्रीचा पहारा गुंड्याकडं दिलाय. गुंडा वैतागला आहे. "दिसभर चारायची मी, रातभर जागायचं मी. आबा म्हणत्यात, डोळ्याचा भरवसा न्हाय. लांडगा न्हवता तरी दिसला असं व्हईल, न्हायतर आला तरी दिसायचा न्हाय."

आबांना म्हटलं, तुमचे डोळे चांगले आहेत. म्हणाले, "नसल्याली चांदणी दिसती त्येला काय चांगलं म्हणायचं? वय झालं आता." आवाजात तक्रार नव्हती. मी भाकरी न खाताच निघालो, काम आहे असं सांगून.

रविवार, ६ जानेवारी १९३५

खरं सांगायचं ठरवून मास्तरांकडं गेलो. काच आणि वही त्यांनी गेल्याच आठवड्यात वेधशाळेला पाठवली होती. त्यांनी मला कलकत्त्याहून आलेला छापील कागद दाखवला. त्यात चार ओळी, सोलापूरचं नाव, त्यांचं नाव आणि माझंही. बारा तारखेच्या संध्याकाळी ती जागा कोरी होती. मास्तर बोट ठेवून वाचत होते. तीस वर्षं त्यांनी आकाश बघितलं, वह्यांचे गठ्ठे आहेत घरात, आणि नाव छापून आलं ते हे पहिल्यांदा.

मी म्हणालो, "मास्तर, ती जागा मी खरवडली. तिथं ठिपका होता. मला डाग वाटला."

मास्तर कागदाची घडी करत होते. सावकाश केली, पुन्हा उलगडून नीट केली. मग म्हणाले, "हल्ली मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. म्हातारपण. सिद्धनाथ, तू वेधशाळेत सुखी होशील. तिथं कुणाचा वण बुजवायचा नाही. जा आता, अंधार पडतोय."

खरंच ऐकू गेलं नसेल का? मी त्यांच्या उजव्या बाजूला बसलो होतो असं मला वाटतं, पण नक्की आठवत नाही. पुढच्या वेळी मोठ्यानं सांगेन.

बुधवार, ९ जानेवारी

नेमणुकीचं पत्र आलं. एक फेब्रुवारीला हजर व्हायचं. "आपल्या काचेतील कोरी जागा आम्हांस विशेष उपयोगी पडली." तीन वेळा वाचलं. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात आहे, आणि ते या कोऱ्या जागेमुळं.

आप्पांनी पेढा भरवला. मग म्हणाले, "गड्डा संपेपर्यंत हितंच, शब्द दिलायस," आणि कडी लावली.

शुक्रवार, ११ जानेवारी

आबांचा निरोप घ्यायला गेलो. आईनं डोळे पुसले. आबा मला वाघरीपलीकडं घेऊन गेले. म्हणाले, "तिकडं मोटं डाक्टर असतील तर इचारशील का? नसल्यालं दिसतं, त्येला काय औषध हाय का म्हणून."

 सांगून टाकलं सगळं. ठिपका, नकाशा, चाकू. काय समजलं असेल ते असो, त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही.

"म्हंजी हुती," आबा म्हणाले.

"होती."

"मला दिसली ती खरी."

"खरी. तुम्हीच आधी बघितली, आबा."

बराच वेळ कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग विचारलं, "ह्ये सायबाला कळलं तर तुजी नोकरी?"

"जाईल."

"मग कुनाला बोलू नगंस. मी बी बोलत न्हाय. तू जा तिकडं. माजं काय, मला आता हातानं मोजायची सवं झालीया."

परतीच्या वाटेवर मी रस्त्याच्या कडेला बसून रडलो. एकतीस वर्षांचा घोडा, येणारेजाणारे बघत होते. माझं गुपित आता आबांना सांभाळावं लागणार.

मंगळवार, १५ जानेवारी

आज काय झालं ते नीट लिहितो. नंतर मला त्याचं वेगळंच चित्र आठवायला लागेल, स्वतःला ओळखतो मी.

गड्ड्याची गर्दी. सकाळपासून कडी लावून आत होतो, टेबलावर काचांची चळत. दुपारी बाहेर ओळखीचे आवाज आले. बाळ्याची मंडळी फोटोला आली होती, त्यात आबा आणि गुंडा. मास्तरही तिथं बसले होते, आलेल्या गेलेल्याला छापील कागद दाखवत. नव्या ताऱ्याची चर्चा निघाली. कुणीतरी म्हणालं, "आमच्या येडूतात्याला इचारा. त्येला तर आदीच दिसली हुती." येडूतात्या म्हणजे आबा. हशा पिकला. दुसरा म्हणाला, "तात्या, पडद्यावर राजवाडा हाय, त्येच्यात राणी बी दिसती का बघा." पुन्हा हशा.

मी कान लावून होतो. आबांनी काहीतरी उत्तर द्यावं, एक शिवी हासडावी, इतकंच मला हवं होतं. आबा म्हणाले, "दिसत न्हाय बाबा. डोळं गेलं माजं."

चाकू खाली ठेवला आणि भिंत ठोकली. कुणी आलं नाही. दोन्ही मुठींनी ठोकली. आप्पा पाण्याचा तांब्या घेऊन आले, कडी निघाली, मी त्यांना बाजूला सारून बाहेर गेलो. इतका उजेड होता की कोण कुठं ते धड दिसत नव्हतं.

म्हणालो, "आबांनी बघितलेली चांदणी खरी होती. माझ्या काचेवर आली होती. मीच चाकूनं खरवडली आणि हात लावला नाही म्हणून लिहिलं. आबांचे डोळे तुम्हा सगळ्यांपेक्षा चांगले आहेत."

 मास्तर उठले. छापील कागद खिशात घातला, काठी शोधली. मी पुढं झालो तर म्हणाले, "तुझी तब्येत बरी नाही. कोंडून बसून बसून झालंय हे. विश्रांती घे." माझ्याकडं न बघता पायऱ्या उतरले. त्यांना ऐकू आलं होतं, तेव्हाही आलं होतं, हे आता मला कळतं. कदाचित पहिल्या दिवशी भिंग पुसलं तेव्हापासूनच त्यांना माहीत असावं. मला त्यांचा राग आला नाही, हे विशेष.

आबा पडद्यापुढं बसले होते ते बसलेच होते. मला म्हणाले, "कशाला बोललास रं?" मग पागोटं नीट केलं, पाठ ताठ केली आणि आप्पांना म्हणाले, "काडा आता फोटू."

बुधवार, १६ जानेवारी

वेधशाळेला पत्र टाकलं. बारा आणि तेरा डिसेंबरला या वहीत जे लिहिलं ते शब्दन्‌शब्द उतरवून दिलं, मृगातल्या पेन्सिलीच्या ताऱ्यासकट. कलकत्त्यालाही तेच. 

मंगळवार, २९ जानेवारी

उत्तर आलं. नेमणूक रद्द. काच परत पाठवली आहे. त्यांनी तिरक्या उजेडात बघितली, ओरखडा आहे, पण त्याखाली काय होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. ती जागा कोरी होती असंही धरता येत नाही आणि तारा होता असंही धरता येत नाही. ही काच नसल्यासारखीच. मेंढपाळाच्या साक्षीबद्दल एक अक्षर नाही.

मास्तरांकडं गेलो होतो. घरात होते, दार उघडलं नाही.

रविवार, ३ फेब्रुवारी

गड्ड्यात मी बोललो त्या दिवशी आप्पांना सगळं कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी मला तीन वेळा विचारलं. "आकाशातला तारा? तू पुसलास? आणि मास्तरला भिंगातनं पन दिसला न्हाय?" मास्तरांना ओरखडा दिसला होता, असं मी सांगितलं नाही. आप्पा खुर्चीत बसून पोट धरून हसले. मला वाटलं, तेवढ्यावर मिटलं.

काल पाटीवाला बोलावून दाराबाहेर नवी पाटी लावली. "ज्याने आकाशातला तारा पुसला, तो तुमचा वण पुसेल." गावभर झालंय. गड्डा संपला तरी गर्दी हटत नाही. अक्कलकोटाहून नागव्वा नावाची बाई आली, मुलीच्या गालावर भाजल्याचा मोठा डाग, सोयरिकीला फोटो पाठवायचा आहे. मला हात जोडून म्हणाली, "तारा काढलासा तसं काढा, सायब." मी काढला. आप्पांनी मला नवा दिवा आणून दिला आणि पाठीला तक्क्या. कडी आता दुहेरी आहे, कारण लोक मला बघायला आत घुसतात.

संध्याकाळी गुंडा येऊन गेला. आईनं लसणाची चटणी पाठवली होती. पाटलाचं रान झालं, परवा वाडा वेळापूरच्या अंगाला हलणार. त्याला विचारलं, रात्रीचं कोण बसतं. म्हणाला, आबाच. संक्रांतीपासून त्यांनी गुंड्याला एकदाही उठवलं नाही. रोज सकाळी कळपाकडं नुसतं बघून आकडा सांगतात, आणि गुंडा चुकला की त्याच्यावर खेकसतात. "लई बरं झालं," गुंडा म्हणाला, "मला आता झोप मिळती."